पडद्यावरच्या ठिकऱ्या

सुटे भाग निवडून जुळवलेला गेमिंग संगणक क्वचितच एकदम बंद पडतो. बहुधा आधी त्याचा पडदा विचित्र वागू लागतो. गेममधल्या भिंतीवर हिरव्या-गुलाबी ठिपक्यांची जाळी उमटते. एखाद्या पात्राच्या खांद्यातून काळा सुळका निघून आभाळात घुसतो. चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं, किंवा क्षणभर सगळं काळं होऊन परत येतं. जयसिंगपुरात अशा वेळी मित्रमंडळींचे दोन सल्ले हमखास मिळतात: "फॉर्मॅट मार" आणि "कार्ड गेलं". पहिल्या सल्ल्याने शेकडो जीबींचे गेम पुन्हा उतरवून घ्यावे लागतात. दुसऱ्याने संगणकातला सर्वांत महाग भाग बदलला जातो, आणि पुष्कळदा तोच दोष नव्या कार्डावरही दिसतो.

या ठिकऱ्या कितीही अस्ताव्यस्त वाटल्या, तरी त्यांना आकार असतो, वेळ असते आणि जागा असते. चित्र तयार होण्याच्या वाटेवर दोष नेमका कुठे शिरला, हे त्या आकारावरून बरंच कळतं. ती वाट एकदा समजून घेतली, तर स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं.

ती वाट अशी. गेम प्रोसेसरला सांगतो की इथे झाड आहे, तिथे माणूस आहे. प्रोसेसर ही आज्ञा ड्रायव्हरमार्फत ग्राफिक कार्डाकडे धाडतो. कार्डावरची मुख्य चिप झाडाचे आणि माणसाचे हजारो त्रिकोण करते, त्यांना रंग भरते आणि पूर्ण झालेलं चित्र कार्डाच्याच मेमरीत लिहून ठेवते. तिथून ते केबलने मॉनिटरकडे जातं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल, तर दर सेकंदाला जवळजवळ ३० कोटी पिक्सेलांचे रंग या वाटेने जातात. एवढ्या गर्दीत एखादा रंग चुकला तर डोळ्याला कळतही नाही. आपल्याला दिसते ती चूक पुन्हापुन्हा होणारी किंवा फार मोठी असते.

पुन्हापुन्हा होणाऱ्या चुकीचं कारण मेमरीच्या रचनेत आहे आणि ते समजायला जयसिंगपूरचा नकाशाच घ्यावा. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव आखून वसवलं. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना क्रमांक, त्यामुळे परगावचा माणूससुद्धा पत्ता विचारत बसत नाही. कार्डाची मेमरीही अशीच क्रमांकांनी आखलेली असते. आठ जीबीच्या पुष्कळ कार्डांवर एकेक जीबीच्या आठ चिपा असतात, मुख्य चिपेभोवती मांडलेल्या. चित्र एकाच चिपेत साठवलं तर सगळा भार तिच्यावर येईल, म्हणून त्याचे बारीक तुकडे करून ते आठही चिपांत वाटले जातात. पहिला तुकडा पहिल्या गल्लीत, दुसरा दुसऱ्या गल्लीत, आठव्यानंतर पुन्हा पहिल्यात. (खरी वाटणी याहून गुंतागुंतीची असते, पण तत्त्व हेच.) आता पाचव्या गल्लीची वीज गेली तर? अंधार एका जागी साचणार नाही. चित्रात ठरावीक अंतराने तोच काळा किंवा चुकीच्या रंगाचा चौकोन उमटेल. बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी, उभे समांतर पट्टे, एकसारख्या अंतरावरचे ठिपके दिसले की पहिला संशय कार्डाच्या मेमरीवर घ्यायचा, तो यासाठी. २०१८ च्या अखेरीस आरटीएक्स २०८० टीआय या तेव्हाच्या सर्वांत महाग गेमिंग कार्डांपैकी काहींवर अशाच ठिपक्यांच्या रांगा उमटल्या होत्या. सुरुवातीच्या काही कार्डांमधले दोष चाचणीतून निसटले होते, हे एनव्हिडियाने त्या नोव्हेंबरमध्ये मान्य केलं.

सुळक्यांची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाची जागा ३२ बिटांच्या दशांश संख्येत लिहिलेली असते. त्यातला एक बिट धन-ऋण चिन्हाचा, २३ बिट आकड्यांचे आणि ८ बिट घातांकाचे, म्हणजे संख्या किती मोठी हे सांगणारे. आकड्यांतला शेवटचा बिट उलटला तर टोक केसभर सरकेल, कोणाला दिसणारही नाही. पण घातांकातला एक मोठा बिट ० चा १ झाला, तर ३ या संख्येची ५५ वर अठरा शून्यं एवढी संख्या होऊ शकते. माणसाच्या खांद्यावरचं टोक ब्रह्मांडाबाहेर जातं, त्रिकोणाची उरलेली दोन टोकं मात्र खांद्यावरच राहतात, आणि मधला रंग ताणला जाऊन सुळका दिसतो. एका बिटाची चूक एवढा गोंधळ घालते. म्हणून मेमरीचा वेग कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाढवलेला असेल, तर सर्वांत आधी तो मूळ जागी आणावा. दुसरं काहीही करण्याआधी.

अशा चुका कार्डाला स्वतःला कळत नाहीत का? कळू शकतात, पण ती सोय बहुतेक गेमिंग कार्डांत चालू नसते. पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय हा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. त्यातली ए१०० कार्डं चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी वापरतात: माहितीसोबत पडताळणीचे जादा बिट साठवले जातात आणि एक बिट उलटला तर तो तिथल्या तिथे सरळ केला जातो. हवामानाच्या गणितात एक चुकलेला बिट परवडत नाही, गेममध्ये मात्र एका फ्रेममधला चुकीचा ठिपका परवडतो, असा यामागचा हिशेब आहे. त्यामुळे घरच्या संगणकात चूक पकडायचं काम आपल्या डोळ्यांवर येतं.

डोळ्यांना मदत करणारी सर्वांत सोपी चाचणी फुकट आहे आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे जण ती करतात. ठिकऱ्या दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या, आणि त्याच वेळी मोबाइलने पडद्याचा फोटोही काढा. मग स्क्रीनशॉट दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडून बघा. स्क्रीनशॉट म्हणजे कार्डाच्या मेमरीत लिहिलेल्या चित्राची प्रत. ती केबलपर्यंत गेलेलीच नसते. ठिकऱ्या त्यात असतील तर चित्र तयार होतानाच बिघडलं. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि मोबाइलच्या फोटोत मात्र ठिकऱ्या, असं झालं तर दोष पुढच्या वाटेवर आहे: कार्डाचं चित्र बाहेर पाठवणारं सर्किट, पोर्ट, केबल किंवा मॉनिटर. एका मिनिटात वाटेचे दोन भाग होतात आणि त्यातला एक भाग निर्दोष सुटतो.

दुसरी फुकट चाचणी संगणक सुरू करतानाची. बायोसच्या पडद्यावरच जाळी किंवा रंगीत पट्टे दिसत असतील, तर विंडोज आणि तिचा ड्रायव्हर अजून जागेच झालेले नाहीत. फॉर्मॅट मारून काही साधणार नाही. बायोस स्वच्छ आणि विंडोज सुरू झाल्यावरच गडबड, असं असेल तर ड्रायव्हर संशयित आहे, पण एकटा नाही. कारण विंडोज आल्यावर कार्ड पूर्ण वेगाने काम करू लागतं आणि आजारी मेमरी तेव्हाच उघडी पडते.

पुढच्या वाटेवरच्या दोषांत बहुतेक वेळा केबल सापडते. चमचमणारे पांढरे ठिपके, क्षणभर काळा होणारा पडदा, आडव्या रेषा ही तिची लक्षणं. १४४ हर्ट्झवरून ६० वर आल्यावर दोष नाहीसा झाला, तर केबलला वेग झेपत नाही असं समजावं. लांब, स्वस्त एचडीएमआय केबलवर हे नेहमी घडतं. चित्र आडवं फाटल्यासारखं दिसणं हा मात्र बिघाडच नाही. मॉनिटर पडदा वरून खाली रंगवत असतानाच कार्ड नवी फ्रेम पुढे करतं, म्हणून वर जुनं आणि खाली नवं चित्र दिसतं. व्ही-सिंक, किंवा मॉनिटरला जमत असेल तर फ्रीसिंक वा जी-सिंक चालू केलं की ते थांबतं. लांबच्या डोंगरावर दोन रंग एकमेकांत लुकलुकतात तेही कार्डाचं दुखणं नव्हे. एकाच खोलीवरच्या दोन पृष्ठांपैकी पुढे कोण, हे गेमला ठरवता येत नसतं.

एकाच गेममध्ये दोष दिसत असेल, तर आधी गेमकडे बघावं. नोव्हेंबर २०१४ मध्ये असॅसिन्स क्रीड युनिटी बाजारात आला, तेव्हा काही खेळाडूंना चेहऱ्याची त्वचाच गायब झालेली पात्रं दिसली, नुसते डोळे आणि दात हवेत. कार्डं ठणठणीत होती. युबिसॉफ्टने माफी मागितली आणि दुरुस्त्या पाठवल्या. स्टीमवर गेमच्या फायली पडताळण्याची सोय असते, ती वापरावी. ड्रायव्हर बदलायचा तर जुना पूर्ण पुसून मगच नवा घालावा. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन आहे. नवा ड्रायव्हर नेहमी चांगलाच असतो असंही नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घेतला होता, कारण काही कार्डांचे पंखे त्याने नीट फिरत नव्हते आणि कार्डं तापत होती.

पडदा काळा होऊन परत येतो आणि ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं असा संदेश दिसतो, त्यामागे विंडोजची एक जुनी योजना आहे. कार्ड सुमारे दोन सेकंद उत्तर देईना झालं, की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते, नाहीतर सगळा संगणकच हँग झाला असता. हा संदेश म्हणजे कार्ड मेल्याचा दाखला नव्हे. कार्ड अडलं एवढंच तो सांगतो. का अडलं, हे शोधायचं राहतं. आणि त्या शोधात मी सर्वांत आधी विजेकडे बघेन.

कारण आपल्याकडे जुळवलेल्या संगणकात पैसा वाचवायची पहिली जागा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, असते. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅट देतो, सहा पिनांची जोड आणखी ७५ आणि आठ पिनांची १५०. हे झालं कागदावरचं गणित. आधुनिक कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरती याहून बरीच जास्त वीज खेचू शकतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असा नियमच घातला आहे, की एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे. जुना किंवा नावापुरता मोठे वॅट लिहिलेला एसएमपीएस त्या झटक्याला दबतो, दाब घसरतो, आणि जड दृश्यात, म्हणजे स्फोट झाला की, गर्दी झाली की, पडदा काळा होतो. हलक्या गेममध्ये काहीच होत नाही. हे लक्षण लक्षात ठेवावं. कार्डाला दोन जोड लागत असतील, तर एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं न लावता एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणाव्यात. कार्डाची वीजमर्यादा आफ्टरबर्नरसारख्या साधनातून ७०-८० टक्क्यांवर आणून बघावं; दोष थांबला तर संशय पुरवठ्यावर किंवा उष्णतेवर स्थिरावतो.

मग अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि घरातले म्हणतात, "एवढं चालतंच." ते चालता कामा नये. एसएमपीएसमध्ये फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. अर्थची तार जमिनीपर्यंत पोचलेली नसेल, तर धातूचं कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतं. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो, पण एचडीएमआयच्या बारीक तारांना तेवढाही पुष्कळ होतो. त्याच संगणकाला टीव्ही जोडलेला असेल आणि टीव्हीला केबलवाल्याची तार, तर दोन वेगळ्या जमिनींमधला फरक चित्राच्या केबलमधून वाहू लागतो. पडदा लुकलुकतो, आणि चालू संगणकात केबल खुपसताना ठिणगी पडून पोर्टच जाऊ शकतं. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तपासून घ्यावं: फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रल एवढाच दाब दाखवायला हवा, आणि न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट. हे काम वायरमनचंच आहे. शिकाऊ हातांनी चालू सॉकेटमध्ये सुया घालू नयेत. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असला, तरी उन्हाळ्यात माती कोरडी पडली की त्याचा उपयोग घटतो. तिथे पाणी घालत राहावं.

उष्णता आणि धूळ यांची जयसिंगपूरच्या शिरोळ तालुक्याला वेगळी ओळख करून द्यायला नको. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची काजळी खिडकीतून आत येते, पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठची दमट हवा तिला चिकट करते, आणि कार्डाच्या हीटसिंकवर नमद्यासारखा थर बसतो. गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ठिकऱ्या आणि थंड असताना सगळं ठीक, असा क्रम असेल तर तापमान मोजावं. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड मुख्य चिपेचं तापमान दाखवतात, आणि अनेक कार्डांवर सर्वांत तापलेल्या बिंदूचं व मेमरीचंही. नुसता पहिला आकडा बघून समाधान मानू नये. चिप ७५ अंशांवर आणि मेमरी १०० च्या पुढे, असंही घडतं. ब्लोअर मारताना संगणकाची वीज काढावी आणि पंख्याचं पातं बोटाने धरावं, नाहीतर ते वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण त्यावरचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड बरं.

आकड्यांनी न कळणारा एक त्रास म्हणजे ढिली बैठक. पुण्याहून ट्रॅव्हल्सने आलेला किंवा सांगलीहून मोटरसायकलवर मांडीवर धरून आणलेला संगणक घरी येतो, तेव्हा किलोभराचं कार्ड स्लॉटमध्ये तसूभर हललेलं असतं. नेताना कार्ड काढून वेगळं गुंडाळावं. काचेतून दिसावं म्हणून कार्ड उभं लावलं असेल आणि मध्ये रायझर केबल असेल, तर ती काढून कार्ड थेट बसवून बघावं, किंवा बायोसमध्ये स्लॉटचा वेग चौथ्या पिढीवरून तिसऱ्यावर आणावा. जुन्या रायझरला चौथ्या पिढीचा वेग झेपत नाही, आणि तो दोष हुबेहूब मेलेल्या कार्डासारखा दिसतो.

कार्डावर आळ येतो आणि अपराधी दुसराच निघतो, याचं अलीकडचं सर्वांत मोठं उदाहरण इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांचं. २०२४ च्या सुरुवातीला जगभर अनेकांचे गेम बंद पडू लागले आणि संदेश यायचा की ग्राफिक कार्डाची मेमरी संपली. कार्डात मेमरी भरपूर शिल्लक असायची. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं परत केली. खरं घडत होतं ते असं: गेमची दाबून ठेवलेली माहिती प्रोसेसर उलगडायचा, त्यात तो चुकायचा, आणि ती चुकीची माहिती पुढे गेल्यावर तक्रार कार्डाच्या नावाने उमटायची. काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने आतूनच झिजत होते. इंटेलने त्या ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे त्यांनी मदरबोर्डचा बायोस अद्ययावत केलेला आहे ना, हे आजही तपासावं. झिजलेली चिप मात्र त्याने बरी होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते. याच कारणाने संगणकाची रॅमही तपासून घ्यावी. एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून गेम चालवून बघावा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवावा. एकही चूक निघाली तरी रॅम निर्दोष नाही.

एवढं सगळं पार पडल्यावरही संशय कार्डावरच उरला, तर कार्ड मित्राच्या संगणकात लावून बघणं हा अखेरचा निवाडा. सोबत ओसीसीटी या साधनातली कार्डाच्या मेमरीची चाचणी चालवावी; ती चुका मोजून दाखवते. जुनं कार्ड विकत घेतानाही ही चाचणी विक्रेत्यासमोर करावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांनी चालणारी पद्धत सोडली आणि महिनोन्महिने दिवसरात्र राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांची मुख्य चिप बहुधा ठीक असते. थकते ती मेमरी, तिच्यावरचे पॅड आणि पंखे.

मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचे व्हिडिओ बघून कोणी तसं करू नये. २००६ पासून युरोपच्या नियमामुळे शिसं नसलेलं डाख वापरात आलं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. ओव्हनच्या उष्णतेने ते वितळत नाही. चिपेतले तडकलेले जोड प्रसरण पावून काही दिवस टेकतात आणि पुन्हा सुटतात. वर प्लास्टिकचा धूर स्वयंपाकाच्या भांड्यात. मेमरीची एक चिप बदलणारे कुशल कारागीर पुण्या-मुंबईत आहेत, पण वॉरंटी संपली असेल तरच त्यांच्याकडे जावं. भारतात पुष्कळ कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते. बिल, कार्डावरचा क्रमांक, दोषाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि दोष किती मिनिटांनी, कोणत्या गेममध्ये येतो याची नोंद सोबत द्यावी, कारण वातानुकूलित सर्व्हिस सेंटरमध्ये पाच मिनिटं चालवलेलं कार्ड बऱ्याचदा स्वच्छ चित्र दाखवतं आणि "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत येतं. दुरुस्त होऊन आल्यावर तोच गेम, तेवढाच वेळ, दुपारच्या उकाड्यात कॅबिनेट बंद करून चालवावा. वॉरंटीची मुदत जवळ आली असेल तर ही चाचणी त्याच आठवड्यात करावी.